गाडी वळते

हॅलो?… मीच, तुझा दादा. अग्निशमन केंद्रातून बोलतोय. आधी ऐक. तुमची समिती माणसं जाळायची तयारी करतेय, आणि त्या कागदाखाली माझी सही आहे.

नाही, आवाज खाली करणार नाही. तूच बाहेर जा. व्हरांड्यात जा, जिन्यात जा… जेवणाची सुट्टी कधी संपते? अडीचला? मग वीस मिनिटं आहेत.

बर्फाच्या कारखान्याची जागा. हो, तीच, जिच्यावर आज मत घेताय. एकरी चाळीस घरं ठरली होती ना? तीन मजले. आता एकरी दीडशे, आणि अकरा मजले… हो, हो, तुला माहीत असणारच, तू समितीत बसतेस! पण प्रस्तावाचं पान सतरा वाचलंस?… वाटलंच. मलाही कुणी दाखवलं नव्हतं, सकाळच्या टपालात प्रत आली. ‘दलाने चाचणी घेतली. गाडी गल्लीत वळते.’ खाली माझी सही.

केली होती गं! नाकारतोय का मी? दोन वर्षांपूर्वी केली. तेव्हा नकाशा तीन मजल्यांचा होता. तीन मजल्यांना छोटी गाडी पुरते, वर हातशिडी. मी छोटी गाडी नेली, वळवली, साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. त्यात ‘कोणती गाडी’ असा रकानाच नाही. मी लिहिलं, गाडी वळते. सही ठोकली आणि चहाला गेलो. तेवढी चूक माझी. लिहून घे.

मग काय म्हणजे? अकरा मजल्यांना शिडीची मोठी गाडी लागते. ती त्या गल्लीत शिरतच नाही. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या पायऱ्यांना नाक टेकतं तिचं. पाडा ते दुकान, रस्ता रुंद करा, मग अकरा काय, पंधरा बांधा, मी स्वतः विटा वाहीन!… कुणाचं?… अध्यक्षांच्या मेहुण्याचं. हां. म्हणजे दुकान हलवता येत नाही म्हणून माझी जुनी छोटी गाडी पुढे केली होय?

अगं ऐक ना… मला कळतं. चारशे कुटुंबं यादीत आहेत. मी काय बंगल्यात वाढलोय? एका खोलीत सहा जण झोपायचो, तुझे पाय माझ्या तोंडावर. घरं हवीत. पण घर द्यायचं म्हणजे आत कोंडून द्यायचं का?

‘इतकं काही होत नाही’? शिंप्यांच्या गल्लीतली आग विसरलीस? आठ दिवस मी घरात बोललो नव्हतो. तुम्हाला वाटलं, घशात धूर गेलाय… धूर नव्हता. मोठी गाडी कोपऱ्यावर अडकली होती. मी हातशिडीच्या शेवटच्या पायरीवर. चौथ्या मजल्याच्या खिडकीत एक बाई. माझ्या हातापासून दोन हात वर. फक्त दोन हात. ओरडली नाही ती. दारात आलेल्या गॅसवाल्याला विचारावं तसं विचारलं तिनं, “वर येताय ना?”

मी म्हणालो, हो.

…

रडू नकोस. रडायला वेळ नाही. सात मतं इकडे, सात तिकडे, बरोबर? म्हणजे तुझ्यावर आलंय. मी तुला भाषण ठोकायला सांगत नाही. उभी राहा आणि एवढंच विचार: चाचणी कोणत्या गाडीची झाली? दोन ओळी नोंदवहीत येऊ देत. बघ कसे घाम पुसतात.

पत्र? लिहिलं ना! सही मागे घेतो म्हणून लिहिलं. आवक खिडकीवरचा कारकून शिक्का मारायला तयार नाही. साहेब म्हणाले, निवृत्तीला तीन महिने राहिलेत, नीट घरी जा… हो, चौकशी लागेल. लागू दे. पत्र घेऊन सभागृहात येऊ का? दारावरचा शिपाई मला ओळखतो, आत सोडेल.

नको? का नको?… पक्षाचं सोड. खरं कारण सांग… काय? पुन्हा बोल.

घरांच्या यादीत छकुलीचं नाव आहे? आपल्या छकुलीचं?… वा. मत अजून पडायचंय आणि घराचा नंबरही ठरला! कुणी दिला? अध्यक्षांनीच?… नाही, हसत नाहीये मी… मग मला कधी सांगणार होतीस? किल्ली मिळाल्यावर? मामा, डोळे मिट, असं?

बरं. कितवा मजला?

…

कितवा, विचारतोय.

…

नववा.

…

ती घंटा तुमची ना? वाजू दे. थांब, ठेवू नकोस! शपथबिपथ घालू नकोस, नीट ऐक. नवव्या मजल्याच्या खिडकीत छकुली आहे. कडेवर लेकरू. मोठी गाडी औषधाच्या दुकानाशी अडकलीय. मी घरी बसलेला असेन, माझ्या जागी दुसरा कुणीतरी त्या हातशिडीवर असेल. ती त्याला विचारेल, वर येताय ना?

त्यानं काय म्हणायचं?

हो म्हणायचं? माझ्यासारखं?… हॅलो? आहेस ना? आत जायच्या आधी बोल. हात वर करायच्या आधी एवढं सांगून जा. काय म्हणायचं त्यानं?