घरावरून घसरणारा बर्फ

शी! आधी हा नव्या डेकच्या आराखड्याचा कागद उचल माझ्या टेबलावरून. ‘बर्फ वेळच्या वेळी काढत राहिल्यास छप्पर टिकेल’ — हे तुझंच वाक्य ना, डेल? ‘राहिल्यास’ म्हणे! मग तू बांधणार काय, तंबू? — नाही, बस, कॉफी घे, वेलदोड्याचा पाव घे, चिडलेय म्हणून उपाशी नाही धाडायची तुला. पण वीट आलाय मला तुम्हा सगळ्या बांधकामवाल्यांचा. घरामागचा डेक, तो छपराचा लाकडी ओटा, पाहिलास ना, कसा आडवा झालाय? तो बांधणाऱ्या शहाण्याने आभाळातून पडेल तेवढ्याच बर्फाचा हिशेब केला. आणि घरावरून येतो तो? घराला गुळगुळीत पत्रा घातला आम्ही, कशासाठी? तर बर्फ आपोआप घसरावा, माझ्या नवऱ्याने, उर्होने, या वयात वर चढू नये. घसरला की! सगळा खालच्या डेकच्या छपरावर. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. मग उर्हो त्या छपरावर चढायला लागला — हातात फावडं, डोक्यावर अख्ख्या घराचा बर्फ टांगलेला. का? तर आपल्या या तळ्याकाठी ज्याचं छप्पर साफ नाही तो पुरुष संपला, असं लोक म्हणतात. म्हणोत ना! किळस येते मला त्या फुशारकीची.

काय? त्याच्या बरगड्या सौनात घसरून मोडल्या? — तुलाही तेच सांगितलं का त्याने! कसली सौना, कसलं वाफेचं स्नान... वरचा बर्फ आला धाडकन, छपरासकट त्याला खाली घेऊन गेला. मी बाहेर धावले तर सगळं पांढरं, माणूसच नाही. फावडंही त्याच्याबरोबर गाडलेलं. पावाच्या ट्रेने उकरलं मी — हो, याच ट्रेने, बघतोस काय, खा. तोंड मोकळं झाल्यावर पहिलं काय बोलला असेल? ‘सेल्मा, कुणाला सांगू नकोस.’ निर्लज्ज मेला! आणि मी वेडी तिथेच बसून रडले.

तर तू खांब जाड घाल, तुळई जाड घाल. आभाळातून पडेल तो बर्फ हिशेबात धर, घरावरून घसरेल तो धर, वारा कोपऱ्यात रचेल तोही धर. वर कुणी कधीच चढलं नाही तरी उभं राहायला हवं, कळलं? तो म्हणेल, ‘एवढं कशाला, मी आहे ना साफ करायला’ — तर सांग, नियमच तसा आहे. माझं नाव काढायचं नाही.

— गप्प. उर्होचा खोकला, उठला वाटतं. ऊठ, मागच्या दाराने नीघ. आणि भिंतीला त्याची शिडी टेकवलीय ना, ती गाडीत घालून ने. — परत कधी आणू काय विचारतोस? जा!