बिबटाच्या पोटातला कापूस

आमी मूळचे मूर्तिजापूराकडचे, माळी, वांगे, कांदे, झेंडू, आज्या-पणज्यापासून हेच, घरात मेलेल्या जनावराले कोनी हात लावल्याचं आठवत नाई, अन् मी काय करून राहिलो तं मेलेल्या जनावरात पेंढा भरून राहिलो. काय सांगू तुमाले! तरणा होतो तवा मेळघाटात एका साहेबाच्या तंबूवर भाजी पोचवत होतो. तिथं त्याचा एक मद्रासी नोकर होता, तो सांबराचं कातडं सोलून, मीठ-तुरटी लावून, आत गवत ठासून, टाके घालून असं उभं करे का मले वाटे, आता हे पयते. वांग्याची टोपली तिथंच राहिली अन् मी पाहातच राहिलो, पाहाता पाहाता शिकलो, अन् अमरावतीत येऊन दुकान मांडलं. बाप म्हने, पोरगं वांग्यातून गेलं.

लगन झालं तं बायको मियाली काशी. तिचं नाक असं का तीन घरं सोडून दूध उतू गेलं तं हिले आधी समजे. मले सांगून ठेवलेलं, आंगनात आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडाचा नाई. आता तुमीच सांगा, ज्याचा धंदाच वासाचा त्याले असं नाक घरात मियालं, याले काय म्हनाव?

तर ते कापसाचे दिवस. बिलायतेच्या पल्याड कुठं लढाई लागली म्हने, गोऱ्याच्या गिरण्याले कापूस मियेना, अन् आमच्या काया मातीतलं बोंड सोन्याचं झालं. आकोल्याच्या रस्त्यानं बंड्याच बंड्या, बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या, ज्याले काल धोतर धड नव्हतं तो आज जरीचा फेटा बांधून राहिला. अशातच आकोल्याच्या एका शेटनं नवी माडी बांधली अन् त्याले दिवाणखान्यात बिबट पाहिजे झाला. बिबट मारला मेळघाटातल्या एका शिकाऱ्यानं, पण शेट सांगे का मीच मारला, अन् सांगता सांगता त्याले बी खरं वाटाले लागलं.

कातडं घेऊन त्याचा कारकून आला. देशावरचा मानूस, बोलनं तुमच्यासारखं साफ. म्हने, शेटजींची इच्छा आहे, पेंढा-बिंढा भरू नका, कापूस भरा. मी इचारलं, कापूस? म्हने, हो हो, कापूसच, उत्तम प्रतीचा. मले वाटलं, पैसा आला का मानसाले काई बी सुचते, पोटातून बी श्रीमंत बिबट पाहिजे असंन. शेटच्याच वावरातून बंडीभर कापूस आला. मी कातडं खरडलं, चरबीचा कन ठेवला नाई, आतून सोमलाचं इख लावलं का किडा लागू नये, अन् ओल्या कातड्यात कापूस ठासठास ठासला. असा जड झाला बिबट का उचलाले चार मानसं लागले. मी खूश. म्हनलं, असं काम वऱ्हाडात झालं नाई.

महिना-दीड महिन्यानं कारकून नाकाले उपरनं लावून हजर. बिबटाचा वास येतो म्हने. शेटनं त्याच्यावर अत्तर शिंपडलं, तं वासाले आनखी जोर चढला, आता गुलाब बी सडल्यासारखा वाटे. घरच्या बाया दिवाणखान्यात पाय ठेवत नव्हत्या. अन् पंधरवड्यात मोठा साहेब पानसुपारीले येनार. शेटचा निरोप असा का त्याच्या आधी वास गेला तं ठीक, नाई तं बजारात ओरडून सांगीन का हा मानूस सडका माल देते. म्हंजे माहा धंदा खतम. अन् हे सगळं काशीनं दाराआडून ऐकलं. ती बाहेर आली अन् म्हने, ह्या खेपेले वास नाई गेला तं हे दुकान बंद, चाला माह्या भावाच्या वावरात वांग्याले पानी द्याले.

भाऊ म्हंजे नामदेव, माहा साळा. त्याचीच बंडी घेऊन आमी आकोल्याले निंघालो, काशी बी बसली, म्हने, जे होईन ते माह्या डोयासमोर होऊ द्या. नामदेव रस्ताभर हासत होता. भाऊजी, म्हने, यंदा वांगे लय लावले, मानूस कमी पडून राहिला.

आकोल्यात मी बिबटाचे कान पाहिले, ओठ पाहिले, पंजाच्या फटी पाहिल्या, कारण चरबी राहाते ती तिथंच, सडते तिथूनच. सगळं साफ. दोन दिवस उन्हात ठेवला, कोयश्याची भुकटी चोयली, कडुलिंबाच्या पाल्याची धुरी देल्ली. वास तसाच. मी रडकुंडीले आलो, म्हनलं, आता दुकानी नेऊन पोट फाडल्याशिवाय इलाज नाई. बिबट बंडीत टाकला अन् अमरावतीचा रस्ता धरला.

आता खरी मजा ऐका. मूर्तिजापूराच्या अलीकडं एका विहिरीपाशी बंडी सोडली. आमी झाडाखाली भाकरीचं फडकं सोडून बसलो, पन माह्या डोयासमोर नुस्ते वांगे. तेवढ्यात नामदेव उभा राहिला अन् तोंडातला घास तसाच ठेवून म्हने, भाऊजी, बैल वाघ खाऊन राहिला!

पाहातो तं काय! नामदेवाचा बैल पांढऱ्या, जो रानमांजर दिसलं तरी दावं तोडे, तो बंडीत मुंडकं घालून बिबटाच्या पोटाचे टाके उसवून राहिला, अन् शेपटी अशी हालवते जशी दिवायी आली. मी बोंबललो, अरे वढा, आत सोमल हाय, बैल मरन! दोघांनी येसन धरून वढला, काशीनं त्याच्या तोंडात हात घालून कोंबलेलं काढलं, चार बादल्या पान्यानं तोंड धुतलं. बैल वाचला, पन राग असा का आमच्याकडं पाहेना.

काशीच्या मुठीत तो ओला लगदा. तिनं नाकाशी नेला. रस्त्यानं जानारे दहा-पंधरा लोक जमलेले. ती म्हने, अहो, हे वाघाचं नाई. हे सरकीचं होय.

मी उसवलेल्या पोटात हात घातला. सरक्या, म्हंजे कापसातल्या बिया, भिजून फुगल्या होत्या, आंबल्या होत्या, अन् देवाशपथ सांगतो, काही-काहीले पांढरे मोड आले होते. बिबटाच्या पोटात शेत उगवलं होतं! मी नाचलोच तिथं, धोतर सुटेपर्यंत नाचलो. कातडं साफ होतं हो, माहं काम साफ होतं! तुमचे देशावरचे लोक कापूस म्हनतात ते बिनसरकीचा, त्याले आमी म्हनतो रुई. आमच्याकडं कापूस म्हंजे बोंडातून वेचला तसा, सरकीसगट. कारकून पुण्याचा कापूस बोलला अन् मी वऱ्हाडाचा भरला. ओल्या कातड्यात सरकी, मंग काय होईन? अन् सरकी तं बैलाचा खुराक, त्याले वाघ दिसला कुठं, त्याले गव्हाण दिसली.

तिथंच पोट रिकामं केलं. सरकी खोल गाडली, सोमलाची, कोन्या ढोरानं खाऊ नये म्हनून. काशी हळहळली, म्हने, एवढी सरकी मातीत. आतून कोरडा कोयसा चोयला, ऊन देल्लं, मंग कोरडं कुटार, म्हंजे भुसा, भरलं अन् वरून मूर्तिजापूरातून आनलेली पिंजलेली रुई, म्हंजे शेटची बी हौस फिटली. आता उचलाले दोन मानसं पुरली. तसाच परत आकोल्याले.

कारकून म्हने, अहो मग रुई म्हणायचं होतं ना तुम्ही. म्हनलं, बोलले तं तुमी होते. शेट पोट धरून हासला. साहेब आला, बिबटाच्या पाठीवर हात फिरवून बसला त्याच्याच बाजूले, शेट शिकारीची गोष्ट सांगत होता, अन् माहं ध्यान सारं चिकाच्या पडद्याकडं, कारण मांगं काशी नाक वर करून उभी. साहेब गेल्यावर मी इचारलं, काय वो? ती म्हने, बिबटाचा वास काही येत नाई. तुमचा येते, आंघोळ करा.

दुकान राहिलं. पुढं ती लढाई सरली, भाव उतरले, शेंब्या बी शिंगावरून उतरल्या, पन साहेब लोक जनावरं माराचे काही थांबले नाईत, तं माहं बरं चालू हाय. आता एक बी जनावर काशीनं वास घेतल्याशिवाय दुकानातून निंघत नाई. ती कानाशी वाकते, पोटाशी वाकते, अन् मी हात जोडून उभा, जसा मीच मेलेला हाय. लोक मले कारागीर म्हनतात, म्हनू द्या. देव तिले लांब आयुष्य देओ, अन् जमलं तं तिले कधी सर्दी होऊ नये, एवढंच मागनं हाय बाप्पा.