मी ढगात कसा गेलो

अवो रडू नका, पावणं! साळुमावशी, त्यो तोंडावरचा पदर काढा आदी... जित्ता हाय मी! हे बगा, च्या पितोय, मेलेला माणूस बशीत च्या वतून फुंकतो का? आन् सावळाराममामा, तुमी भितीवर माझा फोटू हुडकताय, त्यो लावलेलाच न्हाई अजून! तुमाला सांगतो, लोकांच्या दुखवट्याला मी लई गेलो, पण सोताच्याच दुखवट्याला आलेल्या मानसांना "या, बसा, पानी घ्या" म्हणायचं... हे नशीब फकस्त गोरखचं! आन् ती पाटी कसली झाकलीय? पिठलं-भाकरी? म्हंजी आमच्या घरात चूल पेटली नसंल म्हणून जयाच्या म्हायेराहून, अवसरीहून, जेवान बांधून आणलंय! धन्य हाय तुमची. सोडा ते फडकं, वास लई झ्याक सुटलाय, आन् जया, पावण्यांना पानी आण गं.

आता हे सगळं केलं कुणी? ह्यांनी! ह्ये आमचं मेव्हणं, ज्ञानेश्वर! त्या इंग्रजी शाळेची पिवळी बस चालवत्यात, तीच बस भरून रडणारी मानसं आणली आन् उभी केली आमच्या आंगणात. का? तर म्हणं सकाळी भैनीला फोन केला, "दाजी कुठंयत?" आन् भैन त्या टायमाला म्हशीची धार काढत व्हती, म्हैस लाथ मारत व्हती, भैनीचं डोकं फिरलेलं, ती म्हणली, "गेले ढगात! आता कशाचं येत्यात माघारी!" आन् दिला ठिवून. मंग ह्ये तरी काय करणार... आता ढगात म्हणल्यावर माणूस काय समजंल, सांगा!

बरं, चूक जयाची बी न्हाई. मूळ हाय शाळेत. बसा, टोप्या राहू द्या डोक्यावर, ऊन हाय. आमच्या वाडीची मराठी शाळा ठाव हाय ना? राजुरीच्या रस्त्याला, चिचंखाली? आमची हर्षाली तितं तिसरीला. त्या वैजयंतीबाईंचा मला फोन. लई गोड बोलत्यात, सावकाश, पुस्तकातल्यावानी... "गोरखभाऊ, जरा शाळेत येऊन जाता का? तुमची हर्षाली हो... ढगात असते." फोन व्हता स्पीकरवर! जयानं हातातलं उलथनं टाकलं आन् असा हंबरडा फोडला! मी गाडीला किक मारली, एका पायात चप्पल, एका पायात न्हाई, शाळेत जाऊन बगतो तं काय... पोरगी खिडकीपाशी बसलीय. हनवटी हातावर. भाईर बगतीया. बाई म्हणत्यात, "बघा ना, मघापासून अशीच!" अवो बाई, लक्ष नसतंय म्हणा, तंद्री लागती म्हणा, ढगात कशाला म्हणता! आमच्याकडं माणूस एकदाच ढगात जातो!

पण एक सांगतो... ते ध्यान तसं बसल्यालं मी पयल्यांदाच बगितलं. आन् मला काय झालं कुणाला ठाव, मी वराडणार व्हतो, वराडलोच न्हाई.

आता तुमी म्हणाल, गोरख, एवढं काय त्यात? अवो, पालकांचा ग्रुप हाय ना मोबाईलवर! रोज कुणाचा तरी फोटू, खाली गुलाबाची फुलं, "हार्दिक अभिनंदन!" त्यो शेजारचा स्वराज... एकोणतीसचा पाढा एका दमात! हार्दिक अभिनंदन! कुणाचं अक्षर मोत्यावानी, कुणी पळन्यात पयला, कुणी मातीचा बैल केला त्यो केंद्राच्या स्पर्धेला नेला... आन् आमची? लिंबू-चमच्याच्या शर्यतीत मधीच उभी राह्यली. वर बगत. समदी पोरं पोचली, बक्षीस वाटलं, मांडव निघाला, आन् ही अजून तितंच. पण तुमाला सांगतो, लिंबू पडू दिलं न्हाई तिनं! बाईंनी वर्गात इचारलं, "आभाळाचा रंग कोणता?" समदी पोरं वराडली, "निळाऽऽऽ!" ही म्हणती, "कवाचा?" आता ह्याचा कुणी फोटू काढतंय का?

बाप हाय ओ मी. मला वाटायचं, एकदा तरी आपल्या पोरीचं नाव येऊ द्या त्या गुलाबाखाली. पारावर बसलं की स्वराजचा बाप मोबाईल असा फुडं करतो... "बगितलं का, गोरखराव?" बगितलं बाबा, बगितलं!

आन् त्यात ह्ये ज्ञानोबा! दिवाळीला आले आन् म्हणत्यात, "दाजी, टाका आमच्या शाळेत! जूनपासून बस दारात! आन् तितं खिडक्यांना अर्ध्याला पांढरा रंग मारलाय, पोरांना भाईरचं दिसतच न्हाई, मान आपूआप फळ्याकडं!" मला लई पटलं. म्हणलं, हेच आवशीद पायजे. हर्षालीला सांगितलं तं पोरगी रडली न्हाई का रुसली न्हाई. येवढंच म्हणली, "पप्पा, तितं वरनं तरी दिसंल का?" वरनं म्हंजी रंगाच्या वरनं. मी म्हणलं, तू बुटकी हाय, कसं दिसंल?  दोन घास कमीच जेवली त्या दिशी. जया माझ्याकडं बगत व्हती, मी भाकरीकडं बगत व्हतो.

मंग मी बाईंना जाऊन सांगितलं, सपष्ट... बाई, गॅदरिंगला हिचं काय तरी करून दाखवा. फोटू आला, हार्दिक अभिनंदन आलं, तं पोरगी हितंच. न्हाई आलं, तं जूनपासून पिवळी बस! पोरगी शेजारीच उभी, समदं ऐकत. बाई इचारात पडल्या. म्हणल्या, "नाटक बसवतेय मी, शेतकऱ्याचं. त्यात हर्षालीला घेते. ढग करते तिला."

ढग! आता काय बोलायचं, सांगा तुमी! म्हणलं, बाई, त्यातनं तं तिला भाईर काढायचीय!

पण पोरगी अशी खूश... घरातली जुनी गादी उसवली, कापूस काढला, जुन्या चादरीवर चिकटवला, जया शिव्या देतीया आन् शिवतीया. वाक्य एकच. स्वराज शेतकरी, काजळाची मिशी, त्यानं हात जोडून म्हणायचं, "हे मेघराजा, माझे शेत तहानले आहे, बरस!" आन् हिनं म्हणायचं, "घे बळीराजा, मी आलो!" मंग पोरांनी ताटं बडवायची, एकानं मागून झारीनं पानी मारायचं, टाळ्या, संपलं! घरात दिसभर तेच. "पप्पा, ढग आलो म्हणतो का आले म्हणतो?" म्हणलं, ढग 'तो' असतो, आलो म्हण. म्हणती, "पण आतमधी मी हाय ना?" आता ह्या कोड्याचं उत्तर सायबाला तरी येईल का!

आला गॅदरिंगचा दिस. शाळेफुडं मांडव, वाडी समदी गोळा, केंद्रप्रमुख सायेब खुर्चीत, गळ्यात हार. दिस कुठलं? कांदा काढणीचं! समद्यांचा कांदा रानात उघडा पडलेला, पात कापून, ढीग लावून. आरण घालायची, म्हंजी ढीग नीट रचून झाकायचं, अजून बाकी. आन् दुपारपासून शिवनेरीच्या अंगानं आभाळ आल्यालं. बायका बसल्यात नाटकाला, पण ध्यान निम्मं रानात.

स्वराज आला. मिशी पुसून गालावर गेल्याली. हात जोडले, "हे मेघराजा, माझे शेत तहानले आहे, बरस!" आन् आली आमची हर्षाली. तुमाला सांगतो, इतका झ्याक ढग! चालत न्हाई आली, तरंगत आली. मधी उभी राह्यली. स्वराजकडं बगितलं. मंग मांडवाच्या कडंनं वर बगितलं, खऱ्या आभाळाकडं... आन् गप. मी मोबाईल धरून उभा, मनात म्हणतोय, बोल गं बाय, "मी आलो" म्हण, येवढंच म्हण, न्हाईतर बस येईल तुला न्यायला! बाई मागनं हळूच सांगत्यात, "घे बळीराजा... घे बळीराजा..." स्वराज तर रडकुंडीला, परत वराडला, "अगं बरस ना!"

तवा पोरगी त्याला काय म्हणती, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल आसं... "आदी सांग, कांदा झाकलाय का?"

झालं ना राव! कांदा झाकलाय का म्हणल्याबरूबर समदा मांडव वर बगाया लागला. आभाळ काळं! कुणी तरी वराडलं, "आरं ताडपत्री!" आन् उठलं की गाव! खुर्च्या पडल्या, चपला अदलाबदल झाल्या, बायका पोरं काखंत मारून पळाल्या, ताटवाली पोरं ताटं घिऊन पळाली, स्वराजचा बाप स्वराजला इसरून पळाला! केंद्रप्रमुख सायेब हार घालून फोनवर, "अगं, आपला कांदा झाक आधी!" आन् मी? मी बी पळालो. माझी पोरगी मांडवात उभी हाय, आजचा दिस तिचा हाय, हे माझ्या ध्यानातच न्हाई. कांदा ओ! कांदा म्हणल्यावर माणसाला दुसरं काय सुचत न्हाई.

रानात जयानं ताडपत्रीचं एक टोक धरलं, मी दुसरं, वारं आसं का आमालाच घिऊन उडंल. तेवढ्यात बांधावरनं पळत हर्षाली आली, निम्मा कापूस वाटंला गळालेला. दम लागलेला. म्हणती, "पप्पा, कशाला झाकताय? मी म्हणले ना, मी न्हाई बरसत!"

कवा म्हणली?

"म्हणले की! कांदा झाकलाय का, न्हाई ना, मंग मी न्हाई बरसत, आसं म्हणले. तुमी पयलंच ऐकलं आन् पळाला."

मावशी, पुसा डोळं, मी बी पुसतो. अवो, गावानं तिचं निम्मंच वाक्य ऐकलं! पोरगी ढग झाली, आन् ढग झाल्यावर तिला वाटलं, खाली सगळ्यांचा कांदा उघडा हाय, आपुन पडायचं कसं? बक्षीस गेलं, फोटू गेला, शाळा गेली तरी चालंल, पण पडायचं न्हाई! येवढुसा जीव तिचा, आन् मी तिला रंगवलेल्या खिडकीमागं बसवणार व्हतो.

वारं पडलं. ताडपत्री हातातनं सुटली. आमी तिघं त्या ढिगावर बसलो. तुमाला सांगतो, इतकं वरीस मी आभाळ बगतोय, पण कसं? वैऱ्याकडं बगावं तसं. पडतोय का, कवा पडतोय, किती नासवतोय. नुसतं बगायचं म्हणून कवा बगितलंच न्हाई. ते काळं हळूहळू उसवलं, कडंला पिवळं झालं, गुलाबी झालं... हर्षाली म्हणती, "ते बगा येडगावचं धरण, ती त्यातली होडी, आन् होडीत आई झोपलीय." जया म्हणली, "मी कशाला झोपंन, धार कोण काढंल?" पण तिनं बी मान खाली घातली न्हाई. थेंब न्हाई पडला, पावणं. एक थेंब न्हाई. आमी अंधार पडस्तवर तितंच, कुणी कुणाला ऊठ म्हणलं न्हाई.

आन् घरी येऊन मोबाईल बगतो तं ग्रुपवर फोटू! रिकामा मांडव, पालथ्या खुर्च्या, रडणारा स्वराज, आन् मधी एकटा ढग, वर बगतोय. खाली गुलाबाची फुलं... "कु. हर्षाली, इयत्ता तिसरी. उत्कृष्ट ढग. हार्दिक अभिनंदन!" बाई लई गुणाची! मी त्यो फोटू पारावर स्वराजच्या बापाला दाखवला. त्यो काय म्हणतो? "गोरखराव, ह्यात आमचा बी हाय!" घ्या!

तवापासून ही सवय लागली. पोरगी शाळेतनं आली की आमी दोघं ढिगावर उताणी. कवा कवा ती शाळंत आसंल तवा मी एकटाच. कांदा भरायचा राह्यलाय, जया वराडतीया, "एक ढगात व्हती, आता दोन झाली!" तेच ती फोनवर बोलली आन् तुमी पिठलं घिऊन आला.

तं आता येका वाक्यात सांगतो, ज्ञानोबा. राग मानू नका. बसमधली हर्षालीची सीट दुसऱ्या कुणाला तरी द्या. बस आंगणात शिरल्यापासून पोरगी कांद्याच्या बराखीमागं लपून बसलीय, तिला वाटतंय न्यायलाच आली. ये गं हर्षा, ये भाईर! मामा न्यायला न्हाई आला, पप्पाला पोचवायला आलाय! ...आली बगा. काय म्हणतीस? "मामाच्या बसला किती खिडक्या हायेत?" आयका आता!

चला, सगळी भाईर चला. सावळाराममामा, टोपी धरा, मान मागं टाका. त्यो तिकडचा बगा, चिचंवरचा... दिसतंय काय तरी? म्हैस म्हणता? व्हय, शिंग हाय खरं. मावशी, तुमाला? ...तुमची आई, जात्यावर बसलेली? आगं बया, खरंच की, हात फिरतोय... ज्ञानोबा, तुमाला ओ? ज्ञानोबा? ...गेलं वाटतं ह्ये बी.

फोन वाजतोय तुमचा. उचला, अवसरीहून आसंल. मागं राह्यलेली मानसं इचारत आसतील, पोचला का, गोरखचं खरं हाय का म्हणून. सांगा त्यांना नीट, इस्कटून सांगा...

काय म्हणलासा? "आमी समदी ढगात हाय"? आन् ठिवला?

अवो, आता ढगात म्हणल्यावर माणूस काय समजंल, सांगा! ...जया, च्याचं आदण वाढव गं. दुसरी गाडी निघाली आसंल तिकडनं.