काहीच न उगवल्याचे पेढे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष डॉ. काकासाहेब, व्यासपीठावरच्या आमच्या मेट्रन दीपमालाताई, ज्यांना निरोप द्यायचं आम्हा सगळ्यांच्या जिवावर आलंय त्या प्रयोगशाळेतल्या फहमिदा मॅडम, त्यांच्या घरची मंडळी, आणि ड्यूटी अदलाबदल करून इथं आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो! मी डॉ. ऋतुराज. मला पाच मिनिटं मिळाली आहेत. मॅडम घड्याळाकडे बघतायत, तेव्हा काळजी नको.

आज सत्कार त्यांचा आणि पंचनामा माझा. चालेल ना?

नऊ वर्षांपूर्वी मी इथं शिकाऊ डॉक्टर होतो. वॉर्डात पैठणी विणणारी एक बाई होती. नाव विचारू नका, गोष्ट सांगायला तिनं परवानगी दिलीय, नाव सांगायला नाही. एचआयव्ही होता, त्यात बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला सूज. आधी बुरशीवर उपचार झाले, पाच आठवड्यांनी एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या, आणि बाई हसत घरी गेली. दोन महिन्यांनी डोकं धरून परत आली. एकाचे दोन दिसत होते. म्हणाली, "साहेब, माग दोन दिसायलेत. धागा कोणत्या मागाचा धरू?"

पाठीतलं पाणी काढून तपासायला पाठवलं. काळ्या शाईत, सूक्ष्मदर्शकाखाली, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोल गोल दाणे! झालं, बुरशी परतली. मी बाईवर खेकसलो, "गोळ्या चुकवल्या ना?"

"एक बी नाय चुकवली साहेब, पोरीची आण!"

मी कशाला ऐकतोय? केसपेपरवर लिहून मोकळा झालो: एचआयव्हीच्या गोळ्या बंद, आधी पुन्हा बुरशीवर उपचार.

तेवढ्यात फहमिदा मॅडम दोन मजले चढून वॉर्डात आल्या. "डॉक्टरसाब, दाणे दिसले, कबूल. पण ते जिवंत हायत का मेलेले, हे शाई नाय सांगत. मी बशीत पेरून ठेवलेत, जिवंत असले तर उगवतील. चौदा दिवस जरा सब्र करा." मी ऐकेना, तसा त्यांनी माझ्यासमोरच मोठ्या सरांना, आमच्या विभागप्रमुखांना, फोन लावला. लई राग आला होता मला, आज कबूल करतो!

सरांनी माझी ओळ खोडली. गोळ्या चालू, बुरशीचं औषधही चालू, क्षयरोग तर नाही ना तेही तपासलं. दाब वाढला तर नजर जाणार, म्हणून आम्ही पाठीतून पाणी काढून डोक्यातला दाब उतरवत राहिलो. आणि रोज सकाळी मॅडम खिडकीच्या उजेडात ती काचेची बशी धरायच्या. मी दारातूनच विचारायचो, "उगवलं का?"

"नाय उगवलं!"

चौदाव्या दिवशीही बशी कोरीच. रक्तातला एचआयव्हीचा विषाणू घटलेला, रोगाशी लढणाऱ्या पेशी वाढलेल्या. म्हणजे बुरशी मेलेली होती. गोळ्यांनी बाईची प्रतिकारशक्ती जागी झाली आणि त्या मेलेल्या दाण्यांवरच तुटून पडली, सूज होती ती त्याची. बाई बरी होत होती हो! आणि मी तिचं बरं होणंच बंद करायला निघालो होतो. सरांनी सूज उतरवणारं औषध दिलं, आणि आठवडाभरात तिला दोनाचा एक माग दिसायला लागला.

त्या दिवशी मॅडमनी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. आपल्या मराठवाड्यात काहीच उगवलं नाही म्हणून पेढे वाटणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. मी मात्र लाजेनं पेढा हातात धरून उभा होतो. मॅडम म्हणाल्या, "खा हो साब, तुमची बी चूक बरी झाली."

मॅडम, मघाशी तुमच्या मांडीवर ठेवलेली ही पैठणी तिनं विणली आहे. सोबत निरोप आहे: "मॅडमना म्हणावं, पदरावरचे मोर मोजून घ्या. चष्मा न लावता विणलेत."

अहो, रडू नका ना, मग मला पुढचं बोलता येणार नाही.

तर, शांतपणे ऐकून घेतलंत, आपले मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि पोटात घालायचं नसेल, तर निदान लगेच काही ठरवू नका. चौदा दिवस थांबा.