उजेड मनक्यात कुठवर गेला

माहं माहेर धानोऱ्याकडचं, पार जंगलात, अन् सासर वडशाच्या अलीकडं, धानाच्या बांध्यायत. तुमी दवाखान्यातून लिहून घ्याले आले ना, लिहा. कागद दिसते ना? खिडकीले घोंगडी टांगली आहे, तिले हात लावू नोका, सध्या मले उजेड चालत नाई. काऊन चालत नाई, तिकडंच येऊन राह्यली मी.

लहानपनी मोहफुलं वेचली, तेंदूपत्त्याची पुडकी बांधली, लग्न झाल्यावर रोवना, धानाची लावनी. रोवन्यात दिवसभर चिखलात वाकून राहाचं, अन् मी अशी बावळट का सगळ्या बायायच्या पुढं जाऊन दाखवाचं, कोनी म्हनलं पाह्यजे नवी सून लय चटपटीत. कोनी म्हनलं नाई. कंबर मात्र गेली. मग शेजारच्या गावच्या एका बाबानं तांब्याच्या पेटीत जडी घालून ताईत देल्ला, कमरेले बांध म्हने. आता आमचं घर बौद्ध, अन् माहा नवरा असा कट्टर का कोनाच्या गळ्यात काळा दोरा दिसला तर त्याले अर्धा तास भाषन. तर ह्या शहाणीनं काय केलं, ताईत बांधला अन् पेटी मागच्या अंगाले सरकवली, पातळाच्या आत. वाटे का केवढी मोठी चोरी पचवली! दुखनं काई थांबलं नाई, पन सोडाले भेव वाटे, मग सवय झाली. नवरा गेला, दोरे किती बदलले, पेटी तशीच.

मग छातीत गाठ आली. तेही लपवली, लपवन्यात मी पयल्या नंबरची. माहा पोरगा शाळेत मास्तर आहे, त्याले कळलं तवा ऑपरेशन झालं, केस गेले, केस आले. दोन-तीन सालं बरी गेली. मग पाठ दुखाले लागली, मी म्हनली जुनीच कंबर आहे, तर डॉक्टर म्हने नाई आजी, छातीतला कॅन्सर मनक्यात उतरला.

काय सांगू तुमाले, थकून गेली होती मी. मशिनीचा शेक घेऊन झाला, गोळ्या झाल्या, जानं-येनं झालं. तवा नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात म्हनले का एक नवं आहे, अजून तपासूनच पाहून राह्यलो. नसंतून औषध द्याचं, ते बिमारीच्या जागी जाऊन बसते. मग मनक्यात सुई घालून केसासारख्या बारीक तारंतून आत उजेड सोडाचा. उजेड पडला का औषध जागं होते अन् बिमारीले मारते. पन मनक्याच्या मागंच पायाची नस आहे. उजेड जास्त गेला तर पाय जातीन, कमी गेला तर बिमारी राहीन. मराचं मले एवढं नाई वाटलं. पन पोराच्या हातानं लुगडं बदलून घ्याचं, ते नोको होतं. पाय पाह्यजे होते मले.

किती उजेड सोडाचा ते आधी कम्प्युटरवर पाहाचं. ते काम एका पोरीकडं, चंद्रपूरची, चश्मेवाली. तिनं समजावलं, आजी, हातामागं बॅटरी धरली का बोटं लाल दिसतेत ना, हाडातही उजेड तसाच पसरते. तुमच्या सीटीच्या फोटोवरून मी कम्प्युटरात तुमचा मनका बांधते, त्यात उजेडाचे कन सोडते, कोनता कुठी जाऊन विझते ते पाह्यते. मी म्हनली, म्हंजे माह्या आधी माह्या फोटोलेच सुई टोचतं तू? हासली. म्हने हो, त्याले दुखत नाई.

सीटीच्या दिवशी नर्सबाई म्हने धातूचं सगळं काढा. बांगड्या काढल्या, कानातलं काढलं. दाराशी पोरगा उभा, पिशवी धरून. त्याच्यापुढं ताईत कसा काढू? पेटी ठेवली तशीच, दवाखान्याच्या झग्याखाली.

दोन दिवसानं बोलावलं. फोटोत त्या मनक्यावर पांढऱ्या रेघाच रेघा, हाड कुठी अन् नस कुठी काई कळे ना. डॉक्टरनं विचारलं, कमरेले काई बांधलं होतं का? पोरगा बाजूले. मी म्हनली नाई. मग पाठीत कधी सळी-गिळी घातली? मी म्हनली हो, लय सालं झाले. अशी फेकली, अन् पोरगा माह्या तोंडाकडं पाहूनच राह्यला. डॉक्टर म्हने आत धातू असन तर आमाले हे करता येनार नाई, अन् नर्सबाईले म्हने ह्यायचे कागद परत द्या.

उठून बाहेर आली. बाकड्यावर बसली. ते पोरगी मागून आली, म्हने आजी, ते सळी कातडीच्या बाहेर दिसते फोटोत. अशी कशी सळी? मी पदर मागं ओढून घेतला. म्हने, मी अंदाजानं आकडे भरू शकत नाई, अंदाज चुकला तर तुमचे पाय जातीन. फोटो पुन्हा काढा लागन, अन् कारन तुमच्या पोराले सांगा लागन.

मग काय, पोरगा कागद घेऊन आला, तसा तिथंच बाकड्यावर पदर सरकवला, दोरा तोडला अन् पेटी पोराच्या हातावर ठेवली. पाहूनच राह्यला. म्हने माय, मी शाळेत पोरायले अंधश्रद्धेवर शिकवतो, अन् तू हे माह्या बाबाच्या घरात? मी म्हनली, तुह्या बाबाच्याच भेवानं तर मागं सरकवली होती. तर भडकला. ताईत गेला खड्ड्यात म्हने, तू खोटं काऊन बोलली, पाय गेले असते ना तुहे! अन् तिथंच रडाले लागला, एवढा मोठा मास्तर. मीच त्याले पानी पाजलं.

फोटो दुसऱ्यांदा काढला. पोरीनं सगळं पुन्हा बांधलं, तिले आठ-दहा दिवस लागले. मले दाखवलं, लाल तिथवर उजेड, निळं तिथं नाई, नसंजवळ निळं. सुईची जागा तिनं तीनदा बदलली म्हने. तिच्या आकड्यावरच डॉक्टरनं उजेड सोडला.

आता ते औषध अंगातून जाईपर्यंत अंधारात राहाचं, उन्हानं कातडी भाजते. पाठीची कळ कमी आहे. बिमारी गेली नाई, अंगात बाकीच्या जागी आहे, ते मले कोनी लपवून नाई ठेवलं. पन सकाळी भिंत धरून मी एकटीच मोरीत जाते अन् एकटीच येते, सुनंले हाक मारत नाई. पुढचं किती, ते मी विचारलं नाई. विचाराचा कंटाळा आला, बापा.

त्या पोरीले भेटले तर एवढं सांगा. दिवसभर वाकून बसते ते कम्प्युटरपुढं, मी पाह्यलं. तिची पाठ कधी दुखू नोको. बस, एवढंच लिहा.