सत्तरवर थांबलेला काटा

जबाब

नाव : जयवंता सावळाराम बोराटे, वय ६१ वर्षे, धंदा शेती, राहणार लोणी देवकर, ता. इंदापूर, जि. पुणे.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी राहते. माझे पती हयात नाहीत. माझी मुलगी उत्कर्षा हिचे पती राजवर्धन घोगरे यांच्या मालकीचे ऊसतोडणीचे जुने हार्वेस्टर आहे. त्यावर सुप्याचा इरफान दस्तगीर मुलाणी हा ऑपरेटर आहे. गेल्या आठवड्यात माझ्या रानात ते यंत्र पेटले व इरफानचे दोन्ही हात भाजले. तेलाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला असतानाही त्याने यंत्र चालवले, अशी तक्रार माझ्या जावयांनी दिली आहे. त्याबाबत मला विचारण्यात आले.

यंत्राची माहिती मला कशी, असे साहेबांनी विचारले. मला कुठलीही गोष्ट विचारल्याशिवाय चैन पडत नाही. माझे पती हयात असताना म्हणायचे, ही मांडवात भटजीलासुद्धा मंत्राचा अर्थ विचारील. यंत्र रानात आले त्या दिवशीच मी पदर खोचून केबिनमध्ये चढले व हा काटा कशाचा, तो कशाचा, असे इरफानला विचारले.

इरफान म्हणाला, "मावशी, ह्यो इंजिनच्या पाण्याचा. पंच्याऐंशी ते पंच्याण्णव म्हंजी नॉर्मल. ह्यो हायड्रोलिकच्या तेलाचा. साठ ते ऐंशीत असावं. त्याच्या वर गेलं की तेल पातळ हुतं."

मी म्हटले, "पातळ झालं तर बरंच की, चांगलं पळंल."

तो हसला व म्हणाला, "तसं न्हाय. पातळ तेल पंपातनं निसटतं, दाब धरत न्हाय. मंग आणखी तापतं. जुन्या पाइपास्नी ते सोसत न्हाय."

तूप पातळ झाले की पळीत राहत नाही, तसे ते असावे, असे मी समजले. मला ते ऐकून फार बरे वाटले. एवढी वर्षे रानात यंत्रे येतात, पण विचारल्यावर नीट सांगणारा हा पहिलाच भेटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू व्हायच्या आधी मी चहा घेऊन गेले व पुन्हा काटे बघितले. पाण्याचा काटा तळाला होता. तेलाचा मात्र सत्तरवर. रात्रभर थंडीत उभ्या यंत्राचे तेल सत्तर कसे, असे मी विचारले. इरफान म्हणाला, "त्यो काटा मेलाय, मावशी. मालकास्नी सांगितलंय." त्याच दिवशी बांधावर जावई आले तेव्हा त्याने माझ्यासमोर पुन्हा सांगितले. जावई म्हणाले, "बघू. आधी हंगाम आवरू दे."

मग तेल तापलेले तुला कळते कसे, असे मी त्याला विचारले. तो जेवणाचा डबा तेलाच्या टाकीवर ठेवायचा. डबा हातात धरवला तर तेल ठीक. फडक्याने धरावा लागला तर तेल निववणाऱ्या पंख्याच्या जाळीत अडकलेले पाचट काढायचे. फडक्यातूनही चटका बसला तर काम बंद. मी रोज डबा उतरवून बघत असे. त्याची मला गोडी लागली होती.

घटनेच्या दिवशी दुपारी मी पदराने डबा धरला आणि चटका बसून तो माझ्या हातून सुटला. डाळ सगळी सांडली. इरफानने तोडणी थांबवली, जाळी साफ केली व पंख्याने तेल निवावे म्हणून इंजिन नुसते हळू चालू ठेवले. तेवढ्यात जावई आले. ट्रॉल्या रिकाम्या उभ्या होत्या. ते म्हणाले, "काटा तर सत्तरवर हाय, उभा का?" इरफानने डबा दाखवला. ते म्हणाले, "डब्यावर हार्वेस्टर चालवतो व्हय रं? जमत नसंल तर उतर खाली. उद्या दुसरा बघतो." तोडणी सुरू करायला इरफान पुन्हा केबिनमध्ये चढला. त्या वेळी मी बोलायला पाहिजे होते. जावई म्हणजे दहावा ग्रह, म्हणून गप्प राहिले.

थोड्या वेळाने मागचा पाइप फुटून तेल तापलेल्या सायलेन्सरवर उडाले व भडका झाला. इरफानला उडी मारता आली असती. त्याने पेटलेले यंत्र उभ्या उसातून तोडलेल्या मोकळ्या रानात आणले, मगच उतरला. उतरताना त्याचे हात भाजले. माझा व शेजारचा ऊस त्यामुळे वाचला. सध्या तो बारामतीला दवाखान्यात आहे. त्याला स्वतःच्या हाताने पाणी पिता येत नाही. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला तर त्याला पुन्हा कोणी यंत्रावर बसवणार नाही, हे मला कळते.

काटा लाल पट्ट्यात गेला होता हे खोटे आहे. आग मागच्या बाजूलाच राहिली, केबिन जळालेली नाही. यंत्र आठ दिवस थंडगार उभे आहे व काटा आजही सत्तरवर आहे. साहेबांनी स्वतः चढून बघावे.

काल उत्कर्षा घरी आली व म्हणाली, "आई, तुला म्हातारपणी नीट दिसलं न्हाय एवढंच म्हण. न्हायतर ते मला परत माहेरी पाठवायचे न्हाईत." मला जावयांची भीती नाही, मुलगी तुटेल याची आहे. तेही लिहून घ्यावे. मला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येतो.

उत्कर्षा मला सोडायला आली असून बाहेर बाकावर बसली आहे. तिला हे सगळे तोंडावर सांगायला मला धीर होणार नाही. म्हणून जबाब मोठ्याने वाचावा व वाचताना दार उघडे ठेवावे, अशी मी विनंती केली. त्याप्रमाणे दार उघडे ठेवून तो मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, बरोबर आहे.

सही : जयवंता सावळाराम बोराटे