पलंग का कुरकुरतो, हा लेख माझा!

...आणि वर मलाच म्हणतात, चोरी केलीत! मी! माझ्याच लेखाची! तुम्हाला सांगतो, पलंग दुरुस्त करण्यात माझी अर्धी हयात गेली, पण असलं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. अहो, लेख माझा हो, माझा!

झालं काय, दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. जुना पलंग दुरुस्त करतो कोण आता? तर आमचे साडू, बायकोच्या बहिणीचे यजमान, कॉम्प्युटरमधले, म्हणाले, "दादा, वेबसाइट काढू. लोक रस्त्यावर नाही, मोबाइलवर दुकान शोधतात. तुम्ही एक लेख लिहा, बाकी माझ्यावर सोडा." सोडलं! तिथंच माती खाल्ली!

लिहिला. 'पलंग का कुरकुरतो?' हसू नका, मनापासून लिहिला! स्क्रू कुठला ढिला होतो, लाकूड लाकडाला कुठं घासतं, आणि आमच्या सासूबाई नुसत्या कुशीवर वळल्या तरी शेजारी कसे उठून बसतात... सगळं खरं! आणि काय सांगू, शोधलं की पहिल्या पानावर मी! बायकोनं माहेरी फोन करून लेख वाचून दाखवला. सासूबाईंचा भाग गाळून.

पण साडूंना चैन पडेल तर ना! "दादा, हाच लेख शंभर साइटवर टाकू, खाली आपला पत्ता. जितका पसरेल तितके आपण वर!" टाकला की! घरसजावटीच्या साइटवर टाकला, पाठदुखीच्या टाकला, एका तर कुत्री पाळणाऱ्यांच्या! तिथून लोकांनी उचलला, खालचा पत्ता छाटून! जिकडे बघावं तिकडे आमच्या सासूबाई कुशीवर वळतायत!

आणि एक दिवस बघतो, तर माझीच वेबसाइट गायब! साडू चाचरत म्हणतात, "दादा, सगळीकडे तोच मजकूर दिसला की सर्च इंजिन एकच वर ठेवतं, बाकीचे नक्कल म्हणून मागे ढकलतं."

"मग माझा ठेव म्हणावं!"

"त्याला काय कळणार तुमचा कुठला? मोठी साइट दिसली, तिचा ठेवला."

"अहो, पण लेख माझा! सासूबाई माझ्या!"

"माझ्याही आहेत," म्हणे!

आणि वर कोण राहिलं? चौकातलं फर्निचरचं शोरूम! ज्याच्या मालकानं जन्मात पाना धरला नाही! तडक गेलो. तर तो खुर्चीत रेलून, "चोरी तुमचीच. आम्ही पहिले, तुम्ही कितव्या पानावर? सापडता तरी का?" घ्या! दातओठ खात वळलो, तोच मागून हळूच, "जरा थांबता का? फोन फार येतायत हो, कुरकुरीचे... आमच्याकडे दुरुस्तीला माणूसच नाही. तुम्हाला जमेल?"

जमेल का! मला विचारतो! मनात म्हटलं, लेख माझा रे, माझा... आणि तोंडानं म्हटलं, "उद्यापासून येतो." काय करता? घर चालायला हवं.

तर आता शोरूमच्या नावाचा शर्ट घालून हिंडतो. काल एका आजींचा पलंग गप्प केला. आजी खूश! दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या साहेबांनी लेख काय सुरेख लिहिलाय हो! अनुभव असल्याशिवाय नाही असं लिहिता येत."

म्हटलं, "हो ना आजी... फार अनुभवी आहेत."